उत्तर समुद्रातले तेल : पन्नास वर्षांचा हिशेब आणि पुढचा प्रश्न

भारतातले कोणतेही वर्तमानपत्र घ्या, अर्थविषयक पानावर 'ब्रेंट' हा शब्द हमखास सापडतो. ब्रेंट तेल महागले, ब्रेंट तेल उतरले, आणि म्हणून पुण्या-नाशिकात पेट्रोलचे काय होणार, याची चर्चा सुरू होते. हे ब्रेंट म्हणजे नेमके काय, असे विचारले तर मात्र फार थोड्या जणांना सांगता येईल. ब्रेंट हे शेटलंड बेटांच्या ईशान्येला खोल समुद्रात सापडलेल्या एका तेलक्षेत्राचे नाव. शेल कंपनीने आपल्या क्षेत्रांना समुद्रपक्ष्यांची आणि पाणपक्ष्यांची नावे देण्याची पद्धत ठेवली होती, त्यात ब्रेंट जातीच्या हंसाचे नाव या क्षेत्राला मिळाले. १९७१ साली ते सापडले आणि १९७६ साली तेथून तेल येऊ लागले. मार्च २०२१ मध्ये ब्रेंटचा शेवटचा प्लॅटफॉर्म, ब्रेंट चार्ली, बंद झाला. म्हणजे ज्याच्या नावाने सारे जग तेलाचा भाव ठरवते, त्या क्षेत्रातून आज एक थेंबही तेल निघत नाही. आज 'ब्रेंट'च्या भावात इतर क्षेत्रांचे तेल मोजले जाते आणि २०२३ पासून त्यात अमेरिकेतल्या टेक्सासचे तेलही धरले जाते.

नाव राहिले, क्षेत्र संपले. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या तेल-वायू उद्योगाची आजची अवस्था समजून घ्यायला हे उदाहरण पुरेसे आहे. हा उद्योग मेलेला नाही, पण तो उतारवयाला लागला आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची चूल याच उद्योगावर पेटते. मी स्वतः मुंबई हायवर काही वर्षे काढून नव्वदच्या दशकात ॲबर्डीनला आलो आणि तेलसाठ्यांचा अभियंता म्हणून निवृत्त होईपर्यंत याच समुद्रावर काम केले. हल्ली मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की तरुण आईबाप एकच प्रश्न विचारतात : "काका, अजून किती वर्षे?" त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. इतिहास पाहिला तर मात्र बरेच काही कळते.

सुरुवात : वायू आधी, तेल नंतर

१९५९ साली हॉलंडमध्ये ग्रोनिंगेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. जमिनीखालचे तेच खडक समुद्राखालीही पसरले असणार, असा तर्क भूशास्त्रज्ञांनी केला. १९६४ साली ब्रिटनने कायदा करून समुद्रतळाचे हक्क निश्चित केले आणि परवाने वाटले. १९६५ साली बीपी कंपनीच्या 'सी जेम' या रिगला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर वायू लागला. आनंद फार टिकला नाही. त्याच वर्षी २७ डिसेंबरला रिग कोसळून समुद्रात गेली आणि १३ माणसे मृत्युमुखी पडली. या समुद्राने पहिल्याच वर्षी आपला स्वभाव दाखवून दिला होता.

तेलाची गोष्ट पुढची. १९६९ च्या डिसेंबरात नॉर्वेच्या हद्दीत एकोफिस्क हे मोठे क्षेत्र सापडले आणि ऑक्टोबर १९७० मध्ये बीपीला ॲबर्डीनपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास फोर्टीज क्षेत्र लागले. तेव्हा तेल स्वस्त होते आणि शंभर मीटरहून खोल, बारमाही खवळलेल्या समुद्रात प्लॅटफॉर्म उभारणे परवडेल की नाही, अशी शंका होती. १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले आणि ती शंका मिटली. जून १९७५ मध्ये आर्गाइल या छोट्या क्षेत्रातून ब्रिटनचे पहिले समुद्री तेल आले, आणि ३ नोव्हेंबर १९७५ रोजी ॲबर्डीनमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते फोर्टीजच्या पाइपलाइनचे उद्घाटन झाले. मासेमारी आणि ग्रॅनाइटचा दगड यांवर जगणारे ॲबर्डीन दहा वर्षांत युरोपची तेलनगरी झाले.

आपल्याकडची तारीख येथे आठवल्याशिवाय राहत नाही. रशियन तज्ज्ञांच्या मदतीने झालेल्या सर्वेक्षणानंतर फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगला मुंबई हायवर तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. म्हणजे मुंबई हाय आणि ब्रिटनचा उत्तर समुद्र ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे. म्हणूनच जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने समुद्रावर जाणारे आमच्यातले अनेक जण पुढे ॲबर्डीनच्या हेलिकॉप्टरमध्ये बसले तेव्हा त्यांना काम नवे वाटले नाही. नवी होती ती थंडी आणि तो जाड, नारिंगी जीवरक्षक पोशाख.

पैशाचे काय झाले?

या तेलाने ब्रिटनच्या तिजोरीत अमाप पैसा टाकला. त्याचे काय करायचे, यावर दोन शेजारी देशांनी दोन वेगळे मार्ग धरले. नॉर्वेने १९७२ साली स्टॅटऑइल ही सरकारी कंपनी काढली, १९९० साली तेलनिधीचा कायदा केला आणि १९९६ पासून त्यात पैसे ठेवायला सुरुवात केली. आज त्या निधीची किंमत दीड लाख कोटी डॉलरहून अधिक आहे. ब्रिटनने सत्तरच्या दशकात सरकारी तेल कंपनी काढली खरी, पण १९८२ साली तिचा उत्पादनाचा भाग विकायला काढला, आणि तेलाचा महसूल दरवर्षीच्या खर्चात व करसवलतीत वापरला. नॉर्वेची लोकसंख्या ब्रिटनच्या मानाने अगदी लहान, हे मान्य केले पाहिजे. तरीही एकाने मुद्दल राखून व्याजावर संसार चालवला आणि दुसऱ्याने मुद्दलच वापरले, एवढा फरक राहतोच.

ब्रिटनमध्येच एका ठिकाणी वेगळे घडले. शेटलंड बेटांच्या कौन्सिलने १९७४ साली पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला, सलम व्हो येथल्या तेल टर्मिनलच्या बदल्यात कंपन्यांकडून मोबदला ठरवून घेतला आणि तो पैसा बेटांच्या सार्वजनिक निधीत ठेवला. तेथली वृद्धसेवा, क्रीडाकेंद्रे आणि सांस्कृतिक कामे आजही त्या निधीच्या आधाराने चालतात. काही हजार लोकवस्तीच्या बेटांनी जे साधले ते मोठ्या सरकारला साधले नाही, ही गोष्ट आपल्या रायगड-रत्नागिरीकडच्या ग्रामपंचायतींनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

पायपर अल्फा

६ जुलै १९८८ या दिवसाचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुढे जात नाही. पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर एका पंपाची दुरुस्ती चालू होती. त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला होता आणि त्या जागी झाकण बसवलेले होते. दिवसपाळीने लिहिलेला कामाचा परवाना रात्रपाळीच्या माणसांच्या नजरेला आला नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून रात्री त्यांनी हा पंप चालू केला, वायू सुटला आणि स्फोट झाला. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म बराच वेळ त्याच पाइपलाइनमध्ये तेल-वायू ढकलत राहिले, कारण उत्पादन थांबवायचा निर्णय आपल्या अधिकारात कोणी घेतला नाही. १६७ माणसे गेली.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी समितीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या आणि त्या सगळ्या स्वीकारल्या गेल्या. त्यांचे सार असे, की सरकारने दिलेल्या यादीवर बरोबरच्या खुणा करून सुरक्षितता येत नाही. आमच्या प्लॅटफॉर्मवर कोणते धोके आहेत आणि ते आम्ही कसे आवरले आहेत, हे कंपनीनेच कागदावर सिद्ध केले पाहिजे. 'सेफ्टी केस' म्हणतात ती हीच पद्धत.

आपल्याकडे २७ जुलै २००५ रोजी, मुंबई महापुरात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायच्या उत्तरेकडील प्लॅटफॉर्मला 'समुद्र सुरक्षा' हे जहाज धडकले आणि आग लागून २२ जण गेले. एका जखमी माणसाला वर घेण्यासाठी जहाज जवळ आले होते. वायूच्या नळ्या जहाज लागते त्या बाजूलाच होत्या आणि त्यांना पुरेसे संरक्षण नव्हते. पुढे २००८ साली भारत सरकारने समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम केले. जुन्या, गंजू लागलेल्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांसाठी या दोन्ही तारखा फार महत्त्वाच्या आहेत, कारण उद्योग म्हातारा झाला की खर्च कापण्याचा मोह सगळ्यात आधी देखभालीवर येतो.

क्षेत्र म्हातारे होते म्हणजे काय?

आपल्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी लागले की पेढे वाटतात. तेलाच्या विहिरीला पाणी लागले की आमच्यासारख्यांचे चेहरे उतरतात. तेल हे जमिनीखाली तळ्यासारखे साठलेले नसते. स्पंजमध्ये पाणी असावे तसे ते खडकाच्या बारीक छिद्रांत असते. सुरुवातीला आतला दाब इतका असतो की तेल आपोआप वर येते. दाब उतरला की समुद्राचेच पाणी खडकात सोडून तेल पुढे ढकलावे लागते. काही वर्षांनी तेच पाणी विहिरीत पोहोचते आणि दर शंभर पिंप द्रवात दहा पिंप तेल व नव्वद पिंप पाणी, अशी वेळ येते. ते पाणी वर आणा, वेगळे करा, स्वच्छ करा, परत सोडा, आणि या सगळ्यासाठी वीज जाळा. गाय भाकड होत चालली तरी वैरणीचा खर्च तोच राहतो.

इतके सारे करूनही खडकातले निम्म्याहून अधिक तेल बऱ्याच क्षेत्रांत खालीच राहते. म्हणून 'तेल संपले' हे वाक्य आमच्या धंद्यात कोणी फारसे वापरत नाही. तेल संपत नाही, ते काढणे परवडेनासे होते.

आर्गाइलचे उदाहरण पाहा. ब्रिटनचे हे पहिले क्षेत्र १९९२ साली बंद झाले. २००३ साली दुसऱ्या कंपनीने आर्डमोर या नावाने ते पुन्हा उघडले, दोनेक वर्षांत तेही थांबले. २०१५ साली तिसऱ्या कंपनीने आल्मा या नावाने तिसऱ्यांदा उत्पादन सुरू केले आणि २०२० साली ते बंद केले. खडक तोच होता. भाव, तंत्र आणि हिशेब बदलले की त्याचे नशीब बदलत होते.

फोर्टीजचेही तसेच. बीपीने २००३ साली हे क्षेत्र अपाची या अमेरिकन कंपनीला विकले. मोठ्या कंपनीच्या नजरेत ते संपत आले होते. लहान कंपनीने भूकंपलहरींची नवी चित्रे काढली, राहून गेलेले तेलाचे कप्पे शोधले, नव्या विहिरी घेतल्या आणि खरेदीच्या वेळी धरलेल्या अंदाजाहून जास्त तेल काढले. मोठ्यांनी विकायचे आणि लहानांनी शेवटचा थेंब पिळायचा, हा उतारवयाच्या तेलप्रदेशाचा जगभरचा शिरस्ता आहे.

सोसायटीची लिफ्ट

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि तो मुंबईकरांना पटकन समजेल. वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत लिफ्टचा खर्च वीस जणांत वाटला जातो. दहा बिऱ्हाडे सोडून गेली तरी लिफ्टचा खर्च तेवढाच राहतो आणि उरलेल्यांचा वाटा दुप्पट होतो. मग आणखी दोघे जातात, आणि शेवटी वरच्या मजल्यावरचे म्हातारे जोडपे लिफ्ट परवडत नाही म्हणून घर सोडते.

उत्तर समुद्रातल्या पाइपलाइन आणि टर्मिनल यांचे गणित असेच आहे. एका मोठ्या पाइपलाइनला अनेक क्षेत्रे जोडलेली असतात. एक क्षेत्र बंद झाले की वाहतुकीचा दर बाकीच्यांवर वाढतो, त्यामुळे दुसरे वेळेआधी बंद होते. एखाद्या लहानशा नव्या साठ्याचे तेल जुन्या प्लॅटफॉर्मला नळी जोडून आणता येते, त्याला टायबॅक म्हणतात. तो जुना प्लॅटफॉर्मच काढून टाकला तर तो साठा कायमचा अडकला, कारण एवढ्याशा तेलासाठी नवा प्लॅटफॉर्म कोणी उभारत नाही.

हे ओळखूनच सरकारने ॲबर्डीनचे उद्योगपती सर इयन वुड यांच्याकडे अभ्यास सोपवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचे म्हणणे साधे होते : प्रत्येक कंपनीने फक्त आपल्या हद्दीपुरते पाहू नये, सर्वांनी मिळून जास्तीत जास्त तेल काढावे आणि त्यासाठी सरकारचा एक खमका नियामक असावा. तसे केले तर वीस वर्षांत आणखी तीन ते चार अब्ज पिंपे मिळू शकतील, असा त्यांचा अंदाज होता. २०१५ साली तसा नियामक स्थापन झाला. २०२२ साली त्याचे नाव बदलून नॉर्थ सी ट्रान्झिशन अथॉरिटी ठेवले गेले. सुरुवातीला 'तेल आणि वायू' नावात होते, सात वर्षांत त्याच्या जागी 'स्थित्यंतर' आले. काळ कसा बदलला ते या पाटीवरूनच कळते.

उतरण

ब्रिटनचे उत्पादन १९९९ साली शिखरावर होते. तेल आणि वायू मिळून रोज साधारण ४५ लाख पिंपांइतके. २००४ साली ब्रिटन नैसर्गिक वायूचा निव्वळ आयातदार झाला आणि लवकरच तेलाच्या बाबतीतही तेच झाले. आज उत्पादन त्या शिखराच्या चौथाईहून कमी आहे. सुरुवातीपासून ४५ अब्ज पिंपांहून अधिक तेल-वायू या समुद्राने दिला आहे. सोपे होते ते काढून झाले. उरलेले लहान, विखुरलेले आणि महाग आहे.

त्यातच भावाची लहर. सप्टेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झाले तेव्हा तेल पिंपाला शंभर डॉलरच्या आसपास होते आणि स्वतंत्र देशाचे अंदाजपत्रक त्यावर मांडले जात होते. जानेवारी २०१६ मध्ये तेच तेल तीस डॉलरच्या खाली आले. त्या दोन वर्षांत ॲबर्डीनमध्ये अक्षरशः रस्त्यारस्त्यावर 'विकणे आहे' चे फलक लागले. घरांच्या किमती घसरल्या त्या पुन्हा तशा वर आल्याच नाहीत. आपल्या मंडळाच्या गणपतीलाही त्या वर्षी ओळखीची कितीतरी कुटुंबे दिसली नाहीत. कोणी ह्यूस्टनला गेले, कोणी अबूधाबीला, कोणी परत पुण्याला. उद्योगाच्या आधाराने चालणारे रोजगार दहा वर्षांत निम्म्याहून कमी झाले.

कराचे धोरणही स्थिर राहिले नाही. या उद्योगावरचा जादा कर २००२ साली १० टक्के, २००६ साली २० टक्के, २०११ साली ३२ टक्के झाला, मग भाव पडल्यावर २०१५ आणि २०१६ साली उतरवत पुन्हा १० टक्क्यांवर आणला. युक्रेन युद्धानंतर भाव भडकले तेव्हा मे २०२२ मध्ये अतिरिक्त नफ्यावर वेगळा कर आला आणि नोव्हेंबर २०२४ पासून एकूण कराचा दर ७८ टक्के झाला. नॉर्वेतही दर ७८ टक्केच आहे. पण तेथे तो वर्षानुवर्षे जवळजवळ तसाच आहे आणि गुंतवणुकीचा मोठा भाग सरकार करातून उचलते. वीस वर्षांचा प्रकल्प उभारणाऱ्याला जास्त कर एक वेळ चालतो, रोज बदलणारा कर चालत नाही. ज्या अपाचीने फोर्टीजला दुसरे आयुष्य दिले, तिनेच २०२४ साली जाहीर केले की २०२९ च्या अखेरीस आपण ब्रिटनमधले उत्पादन थांबवणार.

दुसऱ्या बाजूलाही बळकट मुद्दे आहेत. पृथ्वी तापते आहे, यात शंका उरलेली नाही. ब्रिटनने २०५० पर्यंत आणि स्कॉटलंडने २०४५ पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे कायद्याने ठरवले आहे. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तेलप्रकल्पाला परवानगी देताना ते तेल पुढे जाळल्याने होणारे उत्सर्जनही विचारात घ्यावे लागेल. त्याच आधारावर जानेवारी २०२५ मध्ये एडिंबरोच्या न्यायालयाने रोझबँक या मोठ्या तेलक्षेत्राची आणि जॅकडॉ या वायूक्षेत्राची आधीची मंजुरी बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने धोरण जाहीर केले : शोधासाठी नवे परवाने द्यायचे नाहीत, पण चालू क्षेत्रांना लागून असलेल्या साठ्यांना, जुन्याच प्लॅटफॉर्मला जोडून, मर्यादित वाव द्यायचा. म्हणजे टायबॅकचे गणित सरकारनेही मान्य केले आहे.

माझे मत विचाराल तर, आपण तेल-वायू वापरत आहोत तोवर तो जवळचा वापरावा, दुरून जहाजाने आणून नव्हे. पण नवे तेल सापडेल आणि जुने दिवस परत येतील, ही आशा भूशास्त्राला धरून नाही. ज्या खडकांवर आयुष्य काढले, त्यांच्या आलेखांवरून मी हे सांगतो आहे.

आवराआवर

लग्नघरात मांडव घालणारे पुष्कळ असतात, काढणाऱ्यांची वाट पाहावी लागते. उत्तर समुद्रात आता मांडव काढण्याचे काम आहे आणि ते लहान नाही. विहिरी सिमेंटने कायमच्या बुजवायच्या, नळ्या स्वच्छ करायच्या, हजारो टनांचे सांगाडे किनाऱ्यावर आणून तोडायचे. खर्चाचा अंदाज ४० अब्ज पौंडांच्या वर आहे, आणि करसवलतीच्या रूपाने त्यातला बराच भाग जनतेच्या खिशातून जाणार आहे.

१९९५ साली शेलने ब्रेंट स्पार ही तेल साठवायची टाकी खोल समुद्रात बुडवायचे ठरवले तेव्हा ग्रीनपीसचे कार्यकर्ते तिच्यावर चढून बसले, युरोपभर बहिष्कार झाला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. अखेर त्या टाकीचे तुकडे नॉर्वेत एका धक्क्याच्या बांधकामात वापरले गेले. १९९८ साली या भागातल्या देशांनी करार केला की जुने सांगाडे समुद्रात टाकायचे नाहीत, अपवाद अगदी मोजके. एप्रिल २०१७ मध्ये 'पायोनियरिंग स्पिरिट' या महाकाय जहाजाने ब्रेंट डेल्टाचा २४ हजार टनांचा वरचा भाग एका झटक्यात उचलला आणि तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर तोडायला नेला. खालचे काँक्रीटचे प्रचंड पाय मात्र काढणेच धोक्याचे, ते तेथेच राहू द्यावेत असे कंपनीने सुचवले, त्यावर जर्मनीने हरकत घेतली. पुढच्या पिढ्यांसाठी समुद्रात काय ठेवून जायचे, हा प्रश्न त्या पायांनी उभा केला आहे.

पुढे काय?

या समुद्रावर वारा भरपूर आहे. २०१७ साली पीटरहेडच्या समोर जगातला पहिला तरंगता पवनचक्क्यांचा प्रकल्प सुरू झाला. पाच चक्क्या, एकूण ३० मेगावॅट. तरंगत्या रचना, नांगर, समुद्रतळावरच्या केबल, बोटींचे नियोजन, हे सगळे ज्ञान तेल उद्योगाकडूनच आले. रिकाम्या झालेल्या खडकांत कार्बन डायऑक्साइड साठवण्याच्या योजना सेंट फर्गसच्या वायू टर्मिनलभोवती आखल्या जात आहेत, आणि साठ्यांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्याला त्यात नवे काहीच नाही. आयुष्यभर द्रव बाहेर काढला, आता वायू आत घालायचा. नव्या सरकारी ऊर्जा कंपनीचे मुख्यालयही ॲबर्डीनलाच ठेवले गेले आहे.

अडचण वेळेची आहे. तेलातल्या नोकऱ्या आज जात आहेत आणि वाऱ्यातल्या उद्या येणार आहेत. मधल्या पाच-सात वर्षांत वेल्डर, फिटर आणि अभियंते दुसऱ्या देशात निघून गेले, तर वाऱ्याचे काम करायला माणसे उरणार नाहीत. आपल्या मराठी मनाला हे चित्र अनोळखी नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या आधीच जुनाट झाल्या होत्या, मालकांना जमिनीत जास्त रस होता, आणि कामगारांचे पुढे काय याची योजना कोणाकडेच नव्हती. गिरणगावातली जमीन सोन्याची झाली आणि तेथला माणूस रस्त्यावर आला. स्कॉटलंडनेही कोळसा आणि पोलाद जाताना हेच भोगले आहे. म्हणूनच येथे २०१८ नंतर 'न्याय्य स्थित्यंतर' हा शब्द सरकारी कागदांत आला. शब्द चांगला आहे. तो खरा किती, ते प्रत्येक बंद होणाऱ्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला पुढे काय मिळाले यावरून ठरेल.

मुंबई हायचे भावंडही त्याच उतारावर आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने तेथले घटते उत्पादन सावरण्यासाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून बीपीची दहा वर्षांसाठी निवड केली. उत्तर समुद्रात शिकलेले धडे अरबी समुद्रात वापरले जाणार. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, तेव्हा मुंबई हायच्या प्रत्येक वाचलेल्या पिंपाला मोल आहे. पण तंत्राबरोबर बाकीचे धडेही घ्यावेत : धोरण स्थिर ठेवा, जुन्या प्लॅटफॉर्मच्या देखभालीत काटकसर नको, आवराआवरीचा पैसा आधीच बाजूला काढा आणि उरणच्या माणसांना पुढच्या कामाचे शिक्षण आतापासून द्या.

राहिला "काका, अजून किती वर्षे?" हा प्रश्न. उत्पादन पुढची दोन दशके चालू राहील, पण दरवर्षी थोडे कमी. विहिरी बुजवण्याचे आणि सांगाडे काढण्याचे काम त्याहूनही जास्त काळ चालेल. ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना बहुधा हा उद्योग निवृत्तीपर्यंत पुरेल. ज्यांनी नुकतेच घर घेतले आहे त्यांनी पवनऊर्जा, कार्बन साठवण किंवा डिकमिशनिंग यांपैकी एकाचे प्रमाणपत्र कंपनी पैसे देते आहे तोवर पदरात पाडून घ्यावे, आणि नोकरी गेल्यावर धावपळ करण्याची वेळ येऊ देऊ नये. आणि मुलांना अभियांत्रिकीला घालू नका असे मी कोणालाच सांगत नाही. समुद्रात उभे राहून काम करणारी माणसे या देशाला पुढेही लागणार आहेत. फक्त त्यांच्या पायाखालच्या प्लॅटफॉर्मवर तेलाची विहीर असेलच असे नाही.